दुधातला घटक

उंदराच्या स्तनात गाठ उठवणारा एक विषाणू आईच्या दुधातून पिलात उतरतो. पिलू अंगावर पिते तेव्हा तो त्याच्या आतड्यात पोहोचतो, तिथून रक्तातल्या पांढऱ्या पेशींबरोबर अंगभर फिरतो आणि मादी वयात आली की तिच्या स्तनग्रंथीत ठाण मांडतो. गाठ दिसते ती पुष्कळ महिन्यांनी, बहुधा दोन-चार विणी झाल्यावर. तोवर तिने आपल्या पिलांनाही तोच विषाणू पाजलेला असतो. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला एमएमटीव्ही म्हणतात. हा विषाणू सापडला, तो कसा काम करतो हे कळले, आणि मग माणसाच्या स्तनकर्करोगामागेही असेच काही असेल का, हा प्रश्न उभा राहिला. त्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत घडला. त्याचे जे उत्तर आज हाती आहे, ते बीडसारख्या जिल्ह्यातल्या नोंदींशी ताडून पाहण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत उंदरांचे शुद्ध वाण तयार होऊ लागले. भावा-बहिणींचा संकर पिढ्यान्‌पिढ्या करत नेला की सगळे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ सारखे होतात. काही वाणांत बहुतेक सगळ्या विणाऱ्या माद्यांना स्तनात गाठी होत, काहींत क्वचितच. साहजिकच सगळ्यांना वाटले की हा आनुवंशिक रोग आहे आणि प्रश्न फक्त कोणते जनुक एवढाच आहे. मेन राज्यातल्या बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी १९२९ साली सुरू झालेल्या जॅक्सन प्रयोगशाळेने ही समजूत तपासायला घेतली. जास्त गाठी होणाऱ्या वाणाची मादी आणि कमी गाठी होणाऱ्या वाणाचा नर यांची पिले एकीकडे, आणि नेमकी उलटी जोडी दुसरीकडे. दोन्ही बाजूंच्या लेकींत गुणसूत्रे सारखीच, निम्मी इकडची आणि निम्मी तिकडची. तरी पहिल्या जोडीच्या लेकींत गाठी भरपूर झाल्या आणि दुसरीच्या लेकींत थोड्या. १९३३ साली प्रयोगशाळेने जाहीर केले की रोगाचा काही भाग आईकडून येतो, पण गुणसूत्रांतून येत नाही. नेदरलँडमध्ये कोर्टेवेग यांना हेच दिसले होते.

मग आईकडून येते ते काय? गर्भाशयातून येते, बीजांडातल्या रसातून येते की दुधातून? जॅक्सन प्रयोगशाळेतल्याच जॉन बिटनर यांनी अगदी सोपा उपाय केला. जास्त गाठी होणाऱ्या वाणाची नवजात पिले जन्मताच आईपासून काढून कमी गाठी होणाऱ्या वाणाच्या मादीच्या अंगावर लावली. दाईच्या दुधावर वाढलेल्या त्या लेकींत गाठींचे प्रमाण एकदम खाली आले. हा निष्कर्ष १९३६ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आला. जेमतेम पानभराची ती टिपणी होती, पण कर्करोगाच्या इतिहासात तिच्याइतके स्वच्छ प्रयोग हाताच्या बोटांवर मोजता येतील. पुढे दिसले की दुधाचा अगदी थोडा अंश पुरतो, तो जन्मानंतर लवकर मिळावा लागतो, आणि जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही तो पार जातो. गाळणीतून पार जाणारी संसर्गजन्य गोष्ट म्हणजे विषाणू, हे बिटनर यांना कळत नव्हते असे नाही. पण कोंबड्यांतल्या गाठीचा विषाणू पेटन राऊस यांनी १९११ साली दाखवला तरी त्या विषयाकडे शास्त्रज्ञ साशंकपणे पाहत. राऊस यांना नोबेल मिळायला १९६६ साल उजाडले. म्हणून बिटनर कित्येक वर्षे ‘दुधातला घटक’ एवढेच म्हणत राहिले. या सावधपणाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. नाव काहीही दिले तरी प्रयोग तोच राहिला आणि प्रयोग खरा होता.

रोगाला तीन गोष्टी लागतात, असे बिटनर यांनी मांडले: अनुकूल जनुके, स्त्री-संप्रेरके आणि दुधातला घटक. पुढच्या पन्नास वर्षांत या तिन्हींचा धागा एकाच विषाणूच्या अंगात कसा विणलेला आहे ते उलगडत गेले, आणि हा सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग आहे.

एमएमटीव्ही हा रेट्रोव्हायरस. त्याची जनुके आरएनएची असतात. पेशीत शिरल्यावर तो त्यांची डीएनए प्रत काढतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात कायमची चिकटवतो. हे उलटे लिहिणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे दाखवले. चिकटलेल्या प्रतीच्या दोन्ही टोकांना एकसारखे लांब तुकडे असतात. विषाणूची जनुके चालू-बंद करणारी कळ त्यांच्यात असते. एमएमटीव्हीच्या बाबतीत ही कळ संप्रेरकांना ओळखते. कॉर्टिसोलच्या जातीची संप्रेरके आणि प्रोजेस्टेरॉन पेशीत आले की ही कळ दाबली जाते आणि जनुके चालू होतात. म्हणून मादी गाभण असताना आणि पाजत असताना विषाणूच्या प्रती भराभर तयार होतात आणि दूध त्यांनी भरते. पिलांपर्यंत जाण्याची वाट जेव्हा उघडी असते, नेमका तेव्हाच विषाणू कामाला लागतो.

आतड्यातून स्तनापर्यंतचा त्याचा प्रवासही चमत्कारिक आहे. आतड्याच्या भिंतीतल्या लसीका गाठींत तो आधी बी-पेशींना गाठतो. त्या पेशींवर तो एक प्रथिन उभे करतो, ज्याला ‘सुपरअँटिजेन’ म्हणतात. हे प्रथिन टी-पेशींच्या मोठ्या गटाला एकदम खवळवते, खवळलेल्या टी-पेशी बी-पेशींना वाढायला लावतात आणि विषाणूला आणखी पेशी मिळतात. शरीराची संरक्षणव्यवस्था इथे शत्रूचीच हमाली करते. हे १९९१ साली उलगडले. पाठोपाठ दिसले की ज्या उंदरांत तो टी-पेशींचा गट जन्मतःच गाळला गेलेला असतो, ते या दुधाने फारसे बाधित होत नाहीत. उंदरांच्या बहुतेक वाणांच्या गुणसूत्रांत या विषाणूचे जुने अवशेष आहेत, आणि काही अवशेष असेच प्रथिन बनवून टी-पेशींचा तो गट आधीच कमी करून ठेवतात. कुठल्याशा पूर्वज उंदराच्या बीजपेशीत शिरलेला विषाणू आता वंशजांच्या रक्षणाला उभा आहे.

गाठ कशी होते, हा शेवटचा दुवा. या विषाणूपाशी स्वतःचे कर्करोग-जनुक नाही. तो गुणसूत्रात कुठेही चिकटतो. हजारो ठिकाणी चिकटला तरी काही बिघडत नाही, पण एखाद्या वेळी तो वाढीचे नियमन करणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसतो. मग त्याची संप्रेरकांनी दाबली जाणारी कळ शेजारच्या जनुकालाही चालू करते. सॅन फ्रान्सिस्कोत रूल नुसे आणि हॅरल्ड व्हार्मस यांनी पुष्कळ उंदरांच्या गाठी तपासून विषाणू कुठे कुठे बसला आहे याची नोंद केली. अनेक गाठींत जागा एकच निघाली. तिथल्या जनुकाला त्यांनी १९८२ साली ‘इंट-१’ नाव दिले. पाच वर्षांनी कळले की फळमाशीत पंख न फुटण्यास कारणीभूत ठरणारे ‘विंगलेस’ नावाचे जनुक तेच आहे. दोन्ही नावे जोडून ‘विंट’ शब्द झाला. गर्भाची घडण, आतड्याच्या अस्तराचे नूतनीकरण, मोठ्या आतड्याचा कर्करोग, या सगळ्यांत विंट संदेशांची साखळी आज मूलभूत मानली जाते. तिचा पत्ता उंदराच्या दुधातल्या विषाणूने दिला.

विषाणूची ती संप्रेरक-कळ शास्त्रज्ञांनी मग मुद्दाम वापरली. कळीपुढे हवे ते जनुक जोडायचे, ते उंदराच्या बीजांडात सोडायचे, की ते जनुक मुख्यतः स्तनग्रंथीत चालते. १९८४ साली हार्वर्डमध्ये फिलिप लेडर आणि सहकाऱ्यांनी असा उंदीर तयार केला, आणि १९८८ साली ‘ऑन्कोमाऊस’ या नावाने त्यावर पेटंट मिळाले. एका प्राण्यावर दिलेले हे पहिले पेटंट, आणि त्यावरचा वाद बरीच वर्षे चालला. स्त्रियांच्या स्तनकर्करोगात महत्त्वाचे असलेले ‘हर-२’ हे जनुक गाठीला कसे रेटते, हे अशाच उंदरांत अभ्यासले गेले.

मुंबईतला भाग याच्या बराच आधीचा. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले, तेव्हा प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. विकृतिशास्त्रज्ञ खानोलकरांची नजर लोकसमूहांकडे होती. एकाच शहरात राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांत वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग होतात, हे त्यांनी नोंदींतून दाखवले. कुठे तोंडाचा, कुठे गर्भाशयमुखाचा, आणि पारशी बायकांत ठळकपणे स्तनाचा. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. १९६६ मध्ये ते आणि रुग्णालय मिळून टाटा मेमोरियल सेंटर झाले. हेच संशोधनाचे काम पुढे खारघरला गेले.

खानोलकरांच्या हाताखाली आलेल्या कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शाळा आणि फर्ग्युसनमध्ये पदवी झाल्यावर त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एमएस्सी केले, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रे. बीडच्या डोंगरातल्या सीताफळाला आज भौगोलिक मानांकन आहे. त्याच कुळातली गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजणारी मुलगी पुढे उंदरांकडे वळली. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या. स्तनकर्करोगाची प्रवृत्ती कमी-जास्त असलेल्या चार वाणांच्या उंदरांच्या स्तनग्रंथींची तुलना हा त्यांच्या पीएचडीचा विषय. पदवी १९४९ साली मिळाली. त्यानंतर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे त्या पेशी-संवर्धन शिकल्या. शरीराबाहेर अखंड वाढणाऱ्या मानवी पेशींचा पहिला वंश याच गे यांच्या प्रयोगशाळेतून आला. परतल्यावर रणदिवे यांनी परळला देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली.

उंदरांवरच्या त्यांच्या कामाचे महत्त्व असे, की त्यांनी विषाणूला एकटा पाहिला नाही. रोगप्रवणता, संप्रेरके आणि विषाणू यांची परस्परक्रिया लक्षात घेतली पाहिजे, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्यांची गणना होते. बिटनर यांच्या त्रिसूत्रीचा हा भारतीय विस्तार होता. त्यांनी केंद्रात आयसीआरसी नावाचा उंदराचा स्वतंत्र वाणही वाढवला. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या हंगामी संचालक होत्या, १९७३ मध्ये भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्या पुढे होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात त्या रमल्या. २००१ साली त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांना त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असायला हवे होते. तसे झाले नाही, याची खंत वाटते.

याच केंद्रात सत्यवती सिरसाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सांभाळत. एमएमटीव्हीचे कण या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात: गोल, आत एका बाजूला सरकलेला गाभा, वरून काटे. त्यांना बी-प्रकारचे कण म्हणतात. असे कण माणसाच्या दुधात दिसले तर? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे डॅन मूर यांचा गट हाच शोध घेत होता. त्यांना अशा समाजाची गरज होती, जिथे स्तनकर्करोग जास्त आणि विवाह आपसांत. मुंबईचे पारशी अगदी तसे होते. टाटा हॉस्पिटलचे शल्यविशारद डॉ. जे. सी. पेमास्टर यांनी पारशी समाजातल्या कर्करोगाचा अभ्यास केलेला होता. मुंबईतल्या पारशी मातांचे दूध गोळा झाले, तपासले गेले, आणि १९७१ साली ‘नेचर’मध्ये मूर यांच्या गटासह सिरसाट, पेमास्टर आणि अखिल वैद्य यांच्या नावाने लेख आला. शीर्षक होते मानवी स्तनकर्करोगाच्या विषाणूचा शोध. घराण्यात हा रोग नसलेल्या अमेरिकी स्त्रियांच्या दुधात कण सुमारे ५ टक्के नमुन्यांत, घराण्यात रोग असलेल्यांच्या ६० टक्के, आणि पारशी मातांच्या ३९ टक्के नमुन्यांत आढळले होते. त्याच वर्षी कण असलेल्या मानवी दुधात उलटे लिहिणारे विकरही सापडल्याचे सॉल स्पीगलमन यांच्यासह मूर यांनी जाहीर केले. १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एम. आर. दास, वैद्य आणि सिरसाट यांनी पारशी मातांच्या दुधातल्या कणांचे रासायनिक परीक्षण छापले.

त्या वर्षांतला उत्साह समजून घ्यायला हवा. १९७१ मध्ये अमेरिकेने कर्करोगाविरुद्ध राष्ट्रीय कायदा केला, विषाणू-शोधावर मोठा पैसा खर्च होत होता, आणि मुंबईची प्रयोगशाळा त्या शोधाच्या अगदी पुढच्या रांगेत उभी होती. पण याच काळात घराण्यात रोग असलेल्या आईने बाळाला पाजावे की नाही, अशीही चर्चा सुरू झाली. बाळाच्या तोंडचे दूध काढून घेण्याइतका पुरावा कोणाजवळच नव्हता.

पुढे गणित जुळले नाही. मानवी दुधात पेशींच्या पटलांचे छोटे फुगे पुष्कळ असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते विषाणूसारखे भासू शकतात. नमुने कमी होते. दुसऱ्या प्रयोगशाळांना तेच प्रमाण मिळेना. साथरोगशास्त्राने घेतलेली हरकत तर सगळ्यांत वजनदार. दुधातून विषाणू येत असेल, तर अंगावर पिऊन वाढलेल्या मुलींना हा रोग बाटलीवर वाढलेल्यांपेक्षा जास्त व्हायला हवा. तसे आढळले नाही. पाजणाऱ्या आयांबाबत तर चित्र उलटेच निघाले: २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, ५० हजारांहून जास्त रुग्ण स्त्रियांच्या माहितीवरून, पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होताना दिसला. पारशी बायकांत हा रोग का जास्त, याचे बरेचसे स्पष्टीकरण आज उशिराचे लग्न, कमी बाळंतपणे आणि अविवाहित राहण्याचे प्रमाण यांत शोधले जाते. त्याच्या जोडीला आनुवंशिकता.

प्रश्न तरीही मिटला नाही. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या बीट्रिस पोगो आणि जेम्स हॉलंड यांच्या गटाने जाहीर केले की मानवी स्तनगाठींपैकी सुमारे ४० टक्के नमुन्यांत एमएमटीव्हीच्या आवरण-जनुकाशी जुळणारा तुकडा मिळतो, निरोगी स्तनात क्वचित. ऑस्ट्रेलियात जेम्स लॉसन यांच्या गटालाही असे तुकडे मिळाले. दुसऱ्या काही गटांना काहीच मिळाले नाही. जो तंत्रज्ञ या तपासण्या करतो त्याला ठाऊक असते की उंदराचा डीएनए प्रयोगशाळेत सर्वत्र असतो: रसायनांत, टेबलावर, कधी हातमोज्यावर. २००९ साली एका दुसऱ्या उंदीर-विषाणूबद्दल असाच गाजावाजा झाला आणि दोन-तीन वर्षांत तो नमुन्यांच्या दूषणाचा परिणाम निघाला. शिवाय मानवी जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांचा आहे, आणि त्यातली काही घराणी एमएमटीव्हीचीच दूरची नातलग आहेत. म्हणून ‘जुळणारा तुकडा’ हे शब्द फार जपून वाचावे लागतात. उंदराच्या पेशीत शिरताना हा विषाणू ट्रान्सफेरिन या प्रथिनाच्या ग्राहीचा दरवाजा वापरतो. तसाच ग्राही माणसात असूनही त्याला तो दरवाजा उघडता येत नाही, असे २००२ च्या कामातून दिसले. दुसरीकडे, संवर्धित मानवी पेशींत हा विषाणू पसरतो, असेही काही प्रयोगांत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कर्करोग करणारे म्हणून सिद्ध झालेल्या विषाणूंत एमएमटीव्ही नाही.

२००० साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आणखी एक कल्पना आली: जगात स्तनकर्करोग सर्वांत जास्त तिथे आहे जिथे पश्चिम युरोपातल्या घरउंदराची उपजात राहते. भारतातला घरउंदीर वेगळ्या उपजातीचा आहे. कल्पना वाचायला आकर्षक. पण ज्या देशांत ती उपजात आहे, तिथेच उशिरा लग्ने, कमी मुले, लठ्ठपणा आणि दारू यांचेही प्रमाण जास्त आहे, आणि उंदराला या सगळ्यांतून वेगळे काढणे अवघड आहे.

हे बीडमध्ये तपासले तर काय दिसते? जिल्हा ज्वारी, कापूस आणि उसाचा. घरात कणगी, शेतात उंदीर आणि घूस. पावसाळा संपताच हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि शेताच्या कडेला कोपीत राहतात. माणूस आणि उंदीर यांचा इतका निकटचा शेजार शहरातल्या फ्लॅटमध्ये नसतो. उंदीर हेच कारण असते, तर अशा जागी स्तनकर्करोग जास्त असायला हवा. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, उस्मानाबाद आणि बीड ही एक स्वतंत्र नोंदणी आहे. देशभरातल्या नोंदण्यांत सर्व प्रकारच्या कर्करोगांचा सर्वांत कमी दर याच जोडीत निघाला: एक लाख लोकसंख्येमागे पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४. मिझोराममधल्या ऐझॉलच्या पुरुषांत तो २६९.४ आणि अरुणाचलातल्या पापुमपारेच्या स्त्रियांत २१९.८ होता. या भागात स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुख आणि स्तन हे दोनच पुढे आहेत, आणि स्तनाचा दर मुंबईच्या कितीतरी खाली.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत. बीडच्या दक्षिणेला बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. भूमची हद्द बीड जिल्ह्याला लागते. शहरात नोंदणी रुग्णालयाच्या कागदांवर चालते, इथे कागदच नव्हते. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले, सरपंच, गुरुजी आणि अंगणवाडीच्या बाईंना भेटले, लक्षणे समजावली, शंका असलेल्यांना तपासणीला आणले. नोंदणीचे हे रूप जगात उल्लेखले जाते. त्यातून एक परिणाम असा झाला की जसजशी माहिती गावांत पोहोचली, तसतसे गर्भाशयमुखाचे रुग्ण आधीच्या टप्प्यावर येऊ लागले.

कमी दराचा अर्थ लावताना सावधपणा हवा. मराठवाड्यातल्या बायकांत पहिले मूल लवकर होते, मुले जास्त आणि पाजण्याचा काळ लांब. १९७० साली ब्रायन मॅकमॅहन यांच्या सात देशांतल्या अभ्यासाने पहिल्या बाळंतपणाचे वय लवकर असेल तर पुढे धोका बराच कमी राहतो हे दाखवलेच होते. पण बीड हा बालविवाह जास्त असणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि कोवळ्या वयातल्या बाळंतपणाचा भार तिथल्या मुली रक्तक्षय आणि जिवावरच्या धोक्याने भोगतात. त्या भाराला कर्करोगापासूनचे संरक्षण म्हणून गौरवणे हे क्रूर होईल. आणि दरात वय, शिक्षण, आहार यांच्या बरोबरीने निदान न झालेल्या गाठींचाही काही वाटा असणारच.

माणसात कर्करोग करणारा विषाणू कसा सिद्ध होतो, याचे उदाहरण बीडला अगदी जवळचे आहे. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत पॅपिलोमा विषाणू सापडतो, तो गाठीच्या आधी असतो, त्याची दोन प्रथिने पेशींची वाढ कशी सोडवतात हे माहीत आहे, आणि लस दिली की रोग टळतो. हा धागा दाखवणारे हॅरल्ड झुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर या विषाणूची तपासणी, पेशी-तपासणी आणि डोळ्यांनी केलेली तपासणी यांची तुलना झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. पुण्याच्या सीरम संस्थेची ‘सर्व्हाव्हॅक’ लस २०२२ मध्ये मंजूर झाली. स्तनाच्या बाबतीत या साखळीतला एकही दुवा अजून पक्का झालेला नाही.

पुरावा आणि भीती यांत किती अंतर असते, हे बीडला २०१९ मध्ये कळले. ऊसतोड करणाऱ्या बायकांत गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होतात अशा बातम्या आल्यावर राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अनेकींना तिशीच्या आसपासच ती काढायला लागली. पाळीत खाडे होतात, मुकादमाचा दंड बसतो, कोपीत न्हाणी नाही, अंगावरून पांढरे जाते आणि डॉक्टर म्हणतो की ठेवली तर कॅन्सर होईल. अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा संसर्गाचे लक्षण असते, औषधाने बरे होते. पिशवीबरोबर अंडाशयही गेले तर पाळी अकाली कायमची थांबते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयातल्या अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. कर्करोगाचे नाव घेऊन माणसाचे अवयव काढता येतात, इतकी त्या नावाची दहशत आहे.

स्तनाच्या गाठीला लागणारी तपासणी मात्र साधी आहे, आणि तिचा पुरावा मुंबईत जमा झालेला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास चालला. निष्कर्ष २०२१ मध्ये ‘बीएमजे’त आले. एका गटातल्या बायकांची आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी चार वेळा हातांनी स्तनतपासणी केली आणि लक्षणे समजावली. स्तनकर्करोगाने होणाऱ्या एकूण मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, ती संख्याशास्त्रानुसार ठाम नव्हती. पण ५० पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हातांनी होणाऱ्या या तपासणीला विषाणू-चाचणी लागत नाही, यंत्रही लागत नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी परिचारिका किंवा गावातली आशाताई हे काम शिकू शकते. ऊसतोडीच्या हंगामात आपली बाई गावात नसते, म्हणून ही तपासणी दिवाळीआधी, कोयता निघायच्या आत व्हावी लागते. आणि ज्या बाईच्या तपासणीत गाठ हाताला लागली तिला बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंतची एसटी पकडण्यासाठी उचल देणाऱ्या मुकादमाकडून दोन दिवस सुटी मिळावी लागते.